परदेशी क्लबमधले पहिले वर्ष : खेळाडूने आणि जोडीदाराने मिळून करायची तयारी

व्यावसायिक फुटबॉलच्या करारावर सही एकाचीच असते, विमानाची तिकिटे मात्र दोन काढावी लागतात. माझी पत्नी फुटबॉल खेळते. स्वीडनमध्ये महिलांची दुसऱ्या श्रेणीची साखळी आहे, तिला एलिटेट्टन म्हणतात. त्यातल्या एका क्लबचे बोलावणे तिला आले आणि आम्ही दोघे कोल्हापूरहून निघालो. पहिले वर्ष आम्ही कसेबसे पार पाडले. ज्या गोष्टी आधी ठाऊक असत्या तर आमची निम्मी भांडणे टळली असती, त्या येथे लिहीत आहे. देशोदेशीच्या कचेऱ्यांचे नियम वेगळे असतात, परंतु कराराचे मूळ नियम फिफाचे आहेत आणि ते सगळीकडे उपयोगी पडतात. खेळाडूचा दिवस क्लब आखून देतो, जोडीदाराचा दिवस कोणीच आखून देत नाही. म्हणून तयारी करताना दुसऱ्या माणसाचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

सही करण्यापूर्वी

सर्वांत आधी कराराची मुदत पाहावी. स्वीडनचा हंगाम वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो आणि हंगामपूर्व सराव जानेवारीतच सुरू होतो. नव्या परदेशी खेळाडूला त्यामुळे जानेवारी ते नोव्हेंबर असा अकरा महिन्यांचा करार पुढे केला जाऊ शकतो. ऐकायला ते वर्षभराचेच वाटते. परंतु स्वीडनच्या लोकसंख्या नोंदणीत नाव लागण्यासाठी युरोपीय संघाबाहेरून आलेल्या माणसाकडे किमान बारा महिन्यांचा निवास परवाना असावा लागतो, आणि हा परवाना कराराच्या मुदतीवर अवलंबून असतो. एका महिन्याच्या फरकामुळे पर्सूननुम्मर, म्हणजे तेथील ओळखक्रमांक मिळत नाही. त्याऐवजी समन्वय क्रमांक नावाची तात्पुरती सोय होते, जिच्यावर फारशी दारे उघडत नाहीत. खेळाडूचे त्यावाचून फारसे अडत नाही, कारण त्याची कामे क्लबचा माणूस करून देतो. जोडीदाराचे मात्र बँकेपासून भाषेच्या वर्गापर्यंत सगळेच अडते. म्हणून पगारात थोडी घासाघीस सोडावी लागली तरी चालेल, पण मुदत बारा महिन्यांच्या वर नेता येते का, किंवा दुसऱ्या हंगामाचाही करार एकदम होतो का, हे आग्रहाने विचारावे.

दुसरा प्रश्न घराचा. क्लब ‘राहण्याची सोय आहे’ असे कळवतो तेव्हा ती किती जणांसाठी आहे, हे लेखी विचारावे. आम्ही ते विचारले नाही. आमच्या वाट्याला तीन खोल्यांच्या सदनिकेतील एक खोली आली. उरलेल्या दोन खोल्यांत संघातल्या दोन मुली राहत होत्या आणि न्हाणीघर एकच होते. त्या दोघी अतिशय समंजस होत्या, पण सकाळी साडेसात वाजता तीन खेळाडूंच्या रांगेत चौथा म्हणून टॉवेल घेऊन उभे राहण्याची माझी तयारी नव्हती. ‘खेळाडू व तिचा जोडीदार यांच्यासाठी स्वतंत्र सदनिका, भाडे कोण देणार, वीज कोण भरणार, करार संपल्यावर घर किती दिवसांत रिकामे करायचे’ एवढे चार मुद्दे करारात किंवा त्याच्या पुरवणीत असावेत. विमानाची तिकिटे वर्षातून किती आणि कोणासाठी, हेही तेथेच लिहून घ्यावे. फोनवर दिलेला शब्द क्रीडा व्यवस्थापक बदलला की त्याच्याबरोबर जातो.

फिफाच्या नियमांपैकी तीन नियम दोघांनीही समजून घ्यावेत. कराराची वैधता वैद्यकीय चाचणीवर किंवा कामाचा परवाना मिळण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी करायची तर ती क्लबने सहीपूर्वी करावी. दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि त्यानंतरही पैसे आले नाहीत तर खेळाडूला न्याय्य कारणाने करार मोडता येतो. तिसरा नियम महिला खेळाडूंचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून त्यांना किमान चौदा आठवड्यांची प्रसूती रजा आहे, त्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीनंतरचे असावे लागतात आणि या काळात किमान दोन तृतीयांश वेतन मिळते. मूल होऊ देण्याचा विचार पहिल्याच वर्षी नसला, तरी हा नियम माहीत असलेला बरा. घरच्यांचे फोन त्याच विषयावर येतात.

कागदपत्रे

विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढलेले नसेल तर ते आधी काढावे आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का घ्यावा. लग्नाची पत्रिका आणि फोटोंचा अल्बम तेथे कोणी विचारात घेत नाही. नावांचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. पासपोर्टवर माहेरचे आडनाव, आधार कार्डावर सासरचे, फुटबॉल महासंघाकडील नोंदणीत मधले नाव गाळलेले, असा प्रकार असेल तर सगळे कागद पासपोर्टप्रमाणे करून घ्यावेत, कारण आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्रावरचे नाव आणि परवान्यावरचे नाव वेगळे निघाले तर खुलासे देण्यातच दिवस जातात आणि ट्रान्स्फर विंडो, म्हणजे नवे खेळाडू नोंदवण्याची मुदत, काही आपल्यासाठी थांबत नाही.

परवान्याचा अर्ज दोघांचा एकाच वेळी भरावा. ‘तू पुढे हो, मी मागून येतो’ हा बेत व्यवहारी वाटतो, परंतु मागून केलेला अर्ज वेगळ्या रांगेत पडतो आणि हंगामपूर्व काळाचे एकाकी महिने खेळाडूला एकटीने काढावे लागतात. जोडीदाराच्या परवान्यावर काम करण्याची मुभा नमूद आहे की नाही, हे कार्ड हातात पडताच वाचून पाहावे. नोंदणी होईपर्यंत सरकारी दवाखान्यात पूर्ण खर्च भरावा लागत असल्याने जोडीदारासाठी निघतानाच आरोग्य विमा घ्यावा. खेळाडूचा विमा क्लब काढतो, तो खेळाडूपुरताच असतो.

पहिले तीन महिने

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघांनी मिळून कर खात्याच्या, म्हणजे स्काटेवेर्केटच्या सेवा कार्यालयात जावे. पासपोर्ट, परवान्याचे कार्ड, करार आणि विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत बरोबर ठेवावी. तेथून क्रमांक मिळाला की बँक, बँकेतून बँकआयडी (मोबाइलवरचे ओळखपत्र) आणि बँकआयडीवरून स्विश, असा हा जिना आहे. स्विश म्हणजे त्यांचे यूपीआय. सामन्याच्या दिवशी मैदानावरची कॉफीसुद्धा त्यावरच विकली जाते. हा जिना चढून होईपर्यंत जोडीदार प्रत्येक लहान खर्चासाठी खेळाडूच्या कार्डावर अवलंबून राहतो. ही गोष्ट बोलायला लहान आहे, मनाला मात्र फार लागते. आम्ही पगाराच्या दिवशीच ठराविक रक्कम रोख काढून एका डब्यात ठेवू लागलो आणि तिचा हिशेब कोणी कोणाला मागायचा नाही असे ठरवले. बसमध्ये आणि बऱ्याच दुकानांत रोख रक्कम घेत नाहीत, तेव्हा हा उपाय अर्धाच चालला. पण भाजीबाजारात चालला.

इमारतीतील सामायिक धुलाईघराची शिस्त पहिल्या दिवशीच समजून घ्यावी. त्याला त्वेत्तस्तूगा म्हणतात. तळघरात एक फळा असतो, त्यावर महिन्याच्या तारखा आणि वेळांची छिद्रे असतात. आपल्या घराच्या क्रमांकाचे छोटे कुलूप त्या छिद्रात बसवले की ती वेळ आपली. एकदा मी चाळीस मिनिटे उशिरा खाली गेलो, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी आमचे ओले कपडे व्यवस्थित घडी करून टोपलीत ठेवले होते आणि वर एक चिठ्ठी होती. चिठ्ठी स्वीडिश भाषेत होती, तरीही तिचा अर्थ कळायला भाषांतराची गरज पडली नाही. आठवड्याला पाच-सहा सराव करणाऱ्या खेळाडूचे कपडे धुण्यासाठी ठराविक वार पकडून ठेवावा आणि तो चुकवू नये.

थंडीपेक्षा काळोख अधिक त्रास देतो. जानेवारीत दुपारी तीन-साडेतीनलाच दिवे लागतात. खेळाडू सकाळी सरावाला, दुपारी व्यायामशाळेत आणि संध्याकाळी फिजिओकडे जाते. जोडीदार खिडकीपाशी बसतो. त्यासाठी रोज दुपारी बारा ते एक बाहेर चालण्याचा नेम करावा, बुटांना लावायचे लोखंडी खिळ्यांचे पट्टे पहिल्याच बर्फाला विकत घ्यावेत आणि ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे. स्वयंपाकाचे फारसे अडत नाही. मसूर डाळ आणि छोले कोणत्याही दुकानात मिळतात, तूरडाळीसाठी मोठे शहर गाठावे लागते. फिलम्योल्क नावाचे आंबवलेले दूध मिळते, त्याची कढी चांगली होते. मात्र ती मंद आचेवर, बेसन जास्त घालून करावी, नाहीतर फुटते.

हंगाम सुरू झाल्यावर

पहिल्या वर्षी खेळाडू बाकावर बसणार, हे गृहीत धरूनच निघावे. बालादेवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. मार्चमध्ये कोरोनाने साखळीच बंद पडली आणि तिचा पहिला गोल डिसेंबरात झाला. संदेश झिंगन ऑगस्ट २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिककडे गेला, लगेच दुखापत झाली आणि साखळीतला एकही सामना न खेळता काही महिन्यांत त्याला परतावे लागले. दोघेही राष्ट्रीय संघाचे आधारस्तंभ होते, तेव्हा कमतरता गुणवत्तेची होती असे कोणी म्हणणार नाही.

अशा काळात जोडीदाराने प्रशिक्षक होऊ नये. मी झालो होतो. सामना संपल्यावर गाडीतच ‘तू डावीकडे जायला हवे होतेस’ असे सुरू करत असे. पुढे आम्ही ठरवले, की सामन्याच्या रात्री सामन्याबद्दल खेळाडूनेच बोलायला सुरुवात केली तर बोलायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर. एलिटेट्टनमध्ये चौदा संघ आणि सव्वीस फेऱ्या असतात, म्हणजे अशा रात्री सव्वीस येतात. दुखापत झाली तर उपचाराची प्रत्येक नोंद आणि तपासणीचा अहवाल घरच्या फाइलमध्ये ठेवावा. दुसरे मत घेण्याची वेळ आली तर क्लबकडे कागद मागत बसावे लागत नाही. स्पेलारफोरेनिंगेन ही तेथील खेळाडूंची संघटना आहे. तिचे सभासदत्व सुरुवातीलाच घ्यावे, तक्रार उद्भवल्यावर धावाधाव करू नये.

घरच्यांशी बोलण्याची वेळही बांधून घ्यावी. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. संध्याकाळी सातचा सामना कोल्हापुरात रात्री साडेदहाला सुरू होतो आणि पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघांवर वाढलेली आमची माणसे तो संपेपर्यंत झोपत नाहीत. सामन्यानंतरचा फोन जोडीदाराने घ्यावा. ‘आज खेळवले का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर खेळाडूला दर आठवड्याला द्यावे लागू नये.

जोडीदाराचे काम

नोंदणी होताच नगरपालिकेच्या एसएफआय वर्गात, म्हणजे स्थलांतरितांसाठीच्या विनामूल्य स्वीडिश वर्गात नाव घालावे. तेथे सगळे इंग्रजी बोलतात म्हणून भाषा टाळता येते, पण मग ओळख संघातील लोकांपुरतीच राहते आणि ‘तू कोण?’ याचे उत्तर कायम ‘तिचा नवरा’ एवढेच उरते. मला त्याचा कमीपणा वाटत नव्हता, कंटाळा मात्र आला होता.

पुण्यातल्या कंपनीचे काम तेथून करायचे असेल तर कंपनीला न सांगता करू नये. सहा महिन्यांहून अधिक वास्तव्य झाले की सर्वसाधारणपणे स्वीडन तुम्हाला आपला करदाता मानते, मग पगार भारतातल्या खात्यात जमा होत असला तरी. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, परंतु त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. निघण्यापूर्वी सनदी लेखापालाकडे एक तास बसावे. भारतातले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे खाते, करून घेण्याचे कामही त्याच वेळी उरकावे.

करार संपत येताना

फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी करार करता येतो. नोव्हेंबरअखेर संपणाऱ्या करारात ही वेळ मेअखेर येते, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. त्या आठवड्यात दोघांनी बसून तीन आकडे कागदावर मांडावेत: घरखर्च वजा जाता किती उरले, खेळाडूला किती मिनिटे मैदानात मिळाली आणि जोडीदाराला स्वतःच्या कामाचे किती तास मिळाले. तिसरा आकडा आम्ही पहिल्यांदा लिहिलाच नव्हता. नंतर लिहिला, तेव्हा त्याच शहरातले दुसरे वर्ष घ्यायचे की मोठ्या शहरातला क्लब शोधायचा, हे ठरवणे सोपे झाले.

नूतनीकरण होणार असेल तर परवान्याच्या मुदतवाढीचा अर्ज जुनी मुदत संपण्यापूर्वीच गेला पाहिजे, म्हणून क्लबकडून लेखी होकार सप्टेंबरपर्यंत मागावा. देश सोडायचा असेल तर स्काटेवेर्केटला कळवून नोंदणीतून नाव काढावे, शेवटच्या पगाराची पावती आणि वार्षिक मिळकतीचा दाखला घ्यावा, आणि घर सोडताना धुलाईघराचे ते छोटे कुलूप किल्लीसह परत करून त्याची पोच मागून घ्यावी. आमचे कुलूप हिवाळी बुटांच्या खोक्यातून कोल्हापूरला आले आणि त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले गेले.