तीन पवित्रे आणि एक बाण: ‘निडहॉग’ शिकणाऱ्या दोघांसाठी

‘निडहॉग’ हा तलवारबाजीचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा हाती घेणारे दोघे जण बहुधा एकच चूक करतात. समोरच्याला मारणे हेच आपले उद्दिष्ट आहे असे समजून ते पडद्याच्या मधोमध उभे राहतात आणि वाराचे बटण दाबत सुटतात. प्रत्यक्षात कोणी कोणाला किती वेळा मारले, यावर या खेळात निकाल लागत नाही. एका खेळाडूला उजवीकडचे टोक गाठायचे असते, दुसऱ्याला डावीकडचे, आणि जो आपल्याला गाठायच्या टोकाचा शेवटचा पडदा (एका वेळी दिसणारा रणांगणाचा भाग) आधी ओलांडतो तो जिंकतो. प्रतिस्पर्ध्याला मारल्याने मिळते ती फक्त काही क्षणांची मोकळी वाट. ही गोष्ट आधी मनात पक्की करावी, कारण पुढची सगळी तंत्रे त्या वाटेच्याच हिशेबाने वापरायची आहेत.

हा गेम मार्क एसेन यांच्या मेसहॉफ या छोट्या स्टुडिओने तयार केला. त्याचे पहिले रूप 2010 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरने भरवलेल्या प्रदर्शनासाठी घडले, 2011 मध्ये त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा नुओव्हो पुरस्कार मिळाला आणि जानेवारी 2014 मध्ये तो विंडोजवर सर्वांसाठी उपलब्ध झाला. प्रदर्शनात येणाऱ्या अनोळखी माणसांना क्षणात हाताळता यावा असा तो आजही आहे: दिशा, उडी आणि वार, याखेरीज शिकण्यासारखे एकही बटण नाही. शक्य असेल तर दोघांनी दोन वेगळे कंट्रोलर घ्यावेत. एकाच कीबोर्डवर दोघे खेळू लागले, की पुष्कळ कीबोर्डांना एकाच वेळी दाबलेल्या सगळ्या कळा ओळखता येत नाहीत, आणि नेमका निर्णायक वार वाया जातो.

आता तलवारीकडे येऊ. तलवार वरच्या, मधल्या किंवा खालच्या उंचीवर धरता येते. हेच तीन पवित्रे. दिशेचे बटण वर किंवा खाली दाबले की पवित्रा बदलतो. दोघांच्या तलवारी एकाच उंचीवर असतील, तर वार अडवला जातो. उंची वेगळी असेल आणि अंतर पुरेसे कमी असेल, तर तलवार सरळ शरीरात घुसते. पुढे धरलेली तलवार वार न करताही घातक असते, म्हणूनच धावत सुटलेला खेळाडू स्वतःहून तिच्यावर जाऊन आदळतो आणि मरतो. नवशिक्याचे निम्मे मृत्यू तरी असेच होतात, असे मी पाहिले आहे. समोर तलवार रोखून कोणी उभे असेल, तर धावणे थांबवून चालत पुढे जावे.

या तीन उंचींमधून खेळातले सर्वांत सुंदर तंत्र निघते, ते म्हणजे निःशस्त्र करणे. दोघांच्या तलवारी एकमेकींवर येतील इतके जवळ असताना तुम्ही पवित्रा बदलला आणि तुमची तलवार वर किंवा खाली जाताना समोरच्याच्या तलवारीला लागली, तर त्याच्या हातून ती उडून पडते. यासाठी वाराचे बटण लागत नाही, लागतो तो संयम. जो आधी अधीर होतो त्याचीच तलवार बहुधा जाते, पण केवळ वाट पाहत राहणाराही फसतो. तुमची तलवार मुद्दाम थोडी पुढे ठेवा. समोरच्याला ती उडवण्याचा मोह होईल, आणि तो पवित्रा बदलायला लागताच अर्धे पाऊल मागे सरा. त्याची तलवार हवेतून फिरून दुसऱ्या उंचीवर पोहोचते आणि त्याने नुकतीच सोडलेली उंची उघडी पडते. तिथे वार करा. ही हुलकावणी अंगवळणी पडावी म्हणून दोघांनी पहिली दहा मिनिटे उडी, धाव आणि तलवारीची फेक यांपैकी काहीही न वापरता फक्त पवित्र्यांचा सराव करावा. कंटाळवाणे वाटले तरी हे टाळू नये, कारण पुढे होणारी प्रत्येक झटापट शेवटी याच अंतरावर येऊन ठेपते.

तलवार हातून गेली म्हणजे सगळे संपले असे नाही. जमिनीवर पडलेल्या तलवारीवर उभे राहून खाली वाकले की ती पुन्हा हाती येते. तेवढी सवड नसेल, तर नुसत्या हातांनीही लढता येते: ठोसा मारता येतो, वाकून पायावर लाथ मारून पाडता येते, आणि पडलेल्याला हातांनी संपवताही येते. हवेत असताना वाराचे बटण दाबले तर खेळाडू तिरका खाली झेपावून लाथ मारतो आणि ती बसली तर समोरचा आडवा होतो. तिच्यावर भाळून सतत उड्या मारणाऱ्याला आवरणे मात्र सोपे आहे. तो हवेत गेला की खालून कोलांटी मारून पलीकडे जावे. शेवटचा बळी घेतल्यामुळे पडद्यावरचा दिशादर्शक बाण तुमच्या बाजूने असेल, तर मागे वळून पाहण्याचीही गरज नाही.

हा बाण म्हणजे खेळाचा खरा कणा. ज्याने शेवटचा बळी घेतला त्याच्या दिशेचा बाण पडद्यावर दिसतो, आणि पुढच्या पडद्यात जाण्याचा हक्क त्यालाच असतो. खऱ्या तलवारबाजीत फॉइल आणि सेबर या प्रकारांत दोघांचे वार एकाच वेळी बसले तर आक्रमणाचा हक्क कोणाकडे होता ते पाहून गुण देतात. इथला बाण मला नेहमी त्या नियमाची आठवण करून देतो. मेलेला खेळाडू काही क्षणांत पुन्हा तलवारीसह समोर उभा राहतो. बाण असलेल्याने त्याला मारलेच पाहिजे असे नाही, त्याला ओलांडून गेले तरी पुरते. उलट, बाण नसलेल्याला बळी घेतल्याशिवाय गत्यंतर नसते. त्यामुळे दोघांनी वेगवेगळ्या मनःस्थितीत खेळायला हवे. बाण तुमच्याकडे असेल, तर कोलांटी आणि उडी ही तुमची मुख्य साधने आहेत आणि द्वंद्व हा शेवटचा उपाय. बाण नसेल, तर उतावळेपणे धावून जाऊ नका, वाट अडवून उभे राहा, कारण तुमच्या प्रत्येक मृत्यूगणिक समोरच्याला मोकळी धाव मिळते.

तलवार फेकण्याबद्दल सावधगिरीचा एक शब्द सांगायला हवा. वरच्या पवित्र्याच्याही वर बटण दाबले की तलवार डोक्यावर उगारली जाते आणि वार केला की ती फेकली जाते. उगारलेल्या अवस्थेत शरीर पूर्ण उघडे असते आणि फेकल्यानंतर हात रिकामे होतात. सजग प्रतिस्पर्धी ती तलवारीने अडवतो किंवा तिच्याखाली वाकतो. म्हणून फेक राखून ठेवावी ती तुम्हाला ओलांडून पळत सुटलेल्याच्या पाठीसाठी. तिथे दुसरा कोणताच उपाय उरलेला नसतो.

पहिल्या गेममध्ये रणांगणे चार आहेत, आणि शिकण्यासाठी किल्ला सर्वांत बरा. खाणीतले सरकते पट्टे पावलांचा अंदाज चुकवतात आणि ढगांमध्ये पायाखालची जमीनच विरघळते. रानातले उंच गवत मात्र मला विशेष आवडते. त्यात शिरलेल्याचा पवित्रा नीट दिसत नाही, त्यामुळे आतापर्यंत डोळ्यांनी खेळणाऱ्याला अचानक समोरच्याच्या सवयी आठवाव्या लागतात: हा घाबरला की तलवार खाली नेतो का, थांबला की लगेच उडी मारतो का. 2017 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात धनुष्य, खंजीर आणि रुंद पात्याची तलवारही आहे, पण तीन पवित्रे हातात बसेपर्यंत पहिल्याच भागात राहावे, असे माझे मत आहे.

शेवटच्या पडद्याजवळ पोहोचल्यावर बाण असलेला खेळाडू हमखास घाई करतो, आणि बचाव करणाऱ्याने नेमक्या त्याच घाईवर भिस्त ठेवावी. त्याने पुढे सरू नये, मधल्या पवित्र्यात तलवार धरून उभे राहावे आणि समोरच्याच्या उडीची वाट पाहावी. आक्रमण करणाऱ्याने त्या जागी एकदा थांबावे, तलवारीला तलवार लावावी, समोरच्याला निःशस्त्र करावे आणि मगच धावावे. पलीकडे निडहॉग वाट पाहत असतो. नॉर्स पुराणकथांतला, विश्ववृक्षाचे मूळ कुरतडणारा तो सर्प इथे प्रचंड किड्याच्या रूपात झेपावत येतो आणि जिंकलेल्याला गिळून टाकतो.