मिरवणूक, मैदान आणि मंडप: व्हिडिओसाठी स्टँड घेताना या चुका टाळा

सीमाभागात आता कॅमेऱ्याविना कार्यक्रम होत नाही. येळ्ळूर, कडोली, उचगावची साहित्य संमेलनं, बेळगावची चित्ररथ मिरवणूक, यात्रेतलं कुस्ती मैदान, सगळं मोबाईलवर थेट दिसतं. नोकरीसाठी पुण्याला नाहीतर गोव्याला गेलेली आपली माणसं ते आवडीनं बघतात. चित्र स्वच्छ असतं, रंग चांगले असतात, पण वक्त्यावरून श्रोत्यांकडे कॅमेरा वळला की झटका बसतो आणि वारा सुटला की चौकट थरथरायला लागते. मग कोणीतरी फोन करून सांगतं, "चित्र हलालंय की ओ!"

यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. कॅमेऱ्यावर मोठी रक्कम घालून स्टँडच्या वेळी हात आखडता घेतला जातो, तिथे घोळ होतो. खरं तर तीन कॅमेरे बदलले तरी चांगला ट्रायपॉड तोच राहतो. म्हणून तो घेताना जास्त विचार करायला हवा.

मुळात फोटोचा स्टँड आणि व्हिडिओचा स्टँड ही दोन वेगळी अवजारं आहेत. फोटोच्या स्टँडनं क्षणभर स्थिर राहिलं की काम झालं. व्हिडिओच्या स्टँडला तासन् तास स्थिर राहावं लागतं आणि सांगितल्याबरोबर एकसारख्या गतीनं वळावंही लागतं. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात.

बॉल हेडवर व्हिडिओ काढणं

सगळ्यात मोठी चूक हीच. हेड म्हणजे पायांच्या माथ्यावरचा, कॅमेरा धरून वळवणारा भाग. बॉल हेडमध्ये एक गोळा असतो. तो सैल केला की कॅमेरा सगळ्या दिशांना लुढकतो आणि आवळला की घट्ट बसतो. फोटोसाठी ते सोयीचं आहे. व्हिडिओत मात्र डावीकडून उजवीकडे वळताना कॅमेरा तिरकाही होतो, आणि मंडपाचे खांब कलंडलेले दिसतात.

व्हिडिओला फ्लुइड हेड लागतं. त्यात आडवं वळण आणि वर-खाली झुकणं यांचे लॉक वेगवेगळे असतात आणि हातात धरायला लांब दांडी असते. आत चकत्यांच्या मध्ये दाट ग्रीस भरलेलं असतं. दांडी ढकलली की तो थर विरोध करतो, त्यामुळे हाताचा बारीक कंप कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. चांगल्या हेडची दांडी काकवीत पळी फिरवावी तशी फिरते: सुरुवातीला अडत नाही, मध्येच सुटत नाही.

स्वस्त हेडवरही 'फ्लुइड' असं छापलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच हेडमध्ये नुसतं घर्षण असतं, म्हणून छापील शब्दावर जाऊ नका. दुकानात आपला कॅमेरा चढवा, झूम पूर्ण ताणा आणि समोरच्या पाटीवरून पुढच्या पाटीवर अगदी सावकाश वळा. सुरुवातीला अडकून एकदम सुटत असेल, तर ते घर्षणाचं हेड. थांबल्यावर दांडी सोडा. चौकट जराशी मागे सरकली, तर हेडमध्ये नाहीतर पायांमध्ये पीळ साठतो आहे. ही मागे सरक दुकानात नखाएवढी वाटते, पण मैदानात पैलवानाच्या चेहऱ्यावर थांबायचं असतं तेव्हा चेहराच चौकटीच्या कडेला जातो.

कुस्तीचा विषय निघालाच आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा गावच्या मैदानात पकड कधी कुठे फिरेल ते सांगता येत नाही. तिथे विरोध कमी-जास्त करता येणारं हेडच हवं. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत असतात तोवर विरोध जास्त ठेवावा, डाव सुरू झाला की कमी करावा. ज्या हेडमध्ये ही सोय नाही, त्यावर माणसं लॉक अर्धवट आवळून काम भागवतात. त्यानं लॉक झिजतो, आणि झिजलेला लॉक पुढे कॅमेरा धरून ठेवीत नाही.

पेटीवरचा वजनाचा आकडा खरा धरणं

पेटीवर 8 किलो लिहिलेलं असतं आणि आपला कॅमेरा दोन किलोचा, मग काळजी कशाला, असं वाटतं. तो आकडा बहुतेक वेळा स्टँड मोडणार नाही याची हमी देतो. त्या वजनाला तो थरथरणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

आधी आपलं खरं वजन काढा. बॉडी, लेन्स, माइक, वरचा मॉनिटर, बॅटरी आणि कॅमेऱ्याभोवती बसवायचा धातूचा पिंजरा असेल तर तोही, सगळं एकत्र किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं तरी चालेल. 70-200 मिलिमीटरची मोठी झूम लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास भरते. ती पुढे लांब असते, त्यामुळे वजनापेक्षा तिचा ओढा जास्त. एकूण वजनाच्या निदान दुप्पट क्षमतेचा स्टँड पाहावा, असं मी सगळ्यांना सांगतो.

पण हेड फार मोठं घेणं हीसुद्धा चूक आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. फ्लुइड हेडमध्ये कॅमेरा पुढे कोसळू नये म्हणून स्प्रिंग असते. ती सात-आठ किलोच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली असेल आणि तुम्ही वर सव्वा किलो ठेवलंत, तर खाली झुकवलेला कॅमेरा हात सोडताच वर उसळतो. स्प्रिंगचा जोर कमी-जास्त करता येतो की एकाच मापाचा आहे, हे दुकानदाराला विचारा. दांडी सोडल्यावर कॅमेरा ज्या कोनात ठेवला त्याच कोनात राहिला, तर जोडी जमली.

स्प्रिंगवर खापर फोडण्याआधी प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडवर बसवायची पट्टी, मात्र पाहा. व्हिडिओची प्लेट लांबट असते आणि ती पुढे-मागे सरकते. लांब लेन्स लावली की ती मागे सरकवायची, छोटी लावली की पुढे. एवढ्यानं अर्ध्या तक्रारी मिटतात.

मधला खांब वर काढून उंची मिळवणं

पाय आखूड पडले की मधला खांब वर ओढला जातो. तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा त्या क्षणी एका नळीवर येतो. उंची पायांनीच मिळाली पाहिजे. गर्दीच्या मागून काढायचं असेल, तर खांब न ओढता तुमच्या डोळ्यांच्या वर कॅमेरा नेणारे पाय घ्या आणि तुम्ही स्टुलावर उभे राहा.

पाय निवडताना ते पूर्ण उघडा, वरच्या चकतीला दोन्ही हातांनी धरा आणि पिळून बघा. खालच्या टोकांकडे नजर ठेवा. वर पीळ बसतो आणि खाली पाय जागचे हलत नाहीत, म्हणजे पीळ मध्ये कुठेतरी मुरतो आहे. असे पाय व्हिडिओच्या कामाचे नाहीत. पाच तुकड्यांचे पाय बॅगेत छान मावतात, पण शेवटची नळी बोटाएवढी असते. दोन किंवा तीन तुकडे पुरेत. दोन नळ्या जोडीनं असलेले पाय पिळाला चांगला विरोध करतात, म्हणून व्हिडिओवाले ते पसंत करतात.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर? कार्बन हलकं असतं आणि कंप लवकर जिरवतं, पण महाग पडतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पायी चढून धबधबे चित्रित करायचे असतील तर कार्बनचा पैसा वसूल होतो. शहापूर-वडगावातल्या कार्यालयांत लग्नं करायची असतील तर ॲल्युमिनियमवर भागवा आणि उरलेले पैसे हेडमध्ये घाला.

पायांच्या माथ्यावर वाटी आहे का, तेही पाहा. 75 मिलिमीटरची वाटी असलेल्या पायांवर हेड खालची मूठ सैल करून सपाटीला आणता येतं. सपाट माथ्याच्या स्टँडवर तेच काम तिन्ही पाय कमी-जास्त करून करावं लागतं. राजहंसगडावर सपाट जागा शोधून सापडत नाही. तिथे सपाटी दाखवणारा पाणसळीचा बुडबुडा मध्यावर न आणता वळलात, तर क्षितिज सुरुवातीला सरळ आणि शेवटी उतरतं दिसतं. वाटी असली की हे काम पाच-दहा सेकंदांत होतं. सूर्य टेकला असताना ते सेकंद फार मोलाचे असतात.

जागा न बघता स्टँड रोवणं

स्टँड कितीही दणकट असला तरी खालची जमीन हलली की चित्र हलतं. संमेलनाचं व्यासपीठ फळ्यांचं असतं. त्यावर कोणी सत्काराला चालत आलं की प्रत्येक पावलाबरोबर चौकट उडते. स्टँड व्यासपीठावर नको, समोर जमिनीवर हवा. वरूनच काढायचं असेल तर फळ्यांच्या खाली जिथे आधाराचा खांब येतो, तिथे पाय टेकवा.

विसर्जनाच्या दिवशी कपिलेश्वर उड्डाणपुलावरून सगळं छान दिसतं, पण जड गाडी गेली की पूल कंप पावतो आणि तो कंप झूममध्ये उघड दिसतो. गोकाकच्या झुलत्या पुलावर तर स्टँडचा उपयोगच नाही. तिथला 52 मीटर उंचीचा धबधबा काठावरच्या दगडावर स्टँड लावूनच घ्यावा. डॉल्बीच्या भिंतीजवळ उभे राहिलात तर आवाजाच्या दणक्यानं लेन्ससुद्धा थरथरते. तिथून मागे सरकण्याशिवाय उपाय नाही.

वाऱ्यात स्टँड खाली करा, पाय फाकवा आणि मधल्या हुकाला पिशवी अडकवा. पिशवी लोंबकळत ठेवू नका, ती झोके घेते आणि स्टँडही हलवते. तिचा तळ जमिनीला टेकला पाहिजे. एक पाय लेन्सच्या दिशेनं पुढे ठेवा, म्हणजे पुढच्या ओढ्याला आधार मिळतो आणि तुम्हाला मागे उभं राहायला दोन पायांमधली जागा मिळते.

गर्दीत मात्र फाकवलेला पाय कोणाच्या तरी पायात येणारच. शिवजयंतीच्या रात्री चित्ररथ पुढे सरकतात तेव्हा लहान मुलं, वयस्क माणसं अंधारात धावत असतात. पायांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळा आणि शक्यतो कट्ट्याला नाहीतर दुकानाच्या पायरीला लागून उभे राहा. कोणी पडलं तर चित्रीकरण गेलं खड्ड्यात, आधी त्या माणसाला उचला.

माती बदलली की पायांचे तळ बदला. फरशीवर रबर, मातीत खिळे. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या ओल्या काळ्या मातीत खिळे रुततच जातात, आणि एका तासाच्या चित्रीकरणात चौकट हळूहळू एका बाजूला कलते. प्रत्येक पायाखाली हातभर फळीचा तुकडा घाला. बैलगाड्यांच्या शर्यतीला शिवारात उभं राहायचं असेल तर पायांच्या मध्ये ताणून बसणारा आधार घ्या. जमिनीवर पसरणारा आधार ढेकळांवर नीट बसत नाही.

तरीही चित्र हलतंय?

स्टँड चांगला, जागा चांगली, तरी वळताना झटका येतो? लेन्समधलं आणि बॉडीतलं स्थिरीकरण बंद करून पाहा. हात हलतोय असं समजून ते तुमच्या वळण्यालाच विरोध करतं आणि शेवटी चौकट घसरल्यासारखी सरकते. मोबाईलवरही हीच गोष्ट.

वळताना चित्र तुटक दिसत असेल तर वेग जास्त आहे. एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण 7 सेकंद लागावेत, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. सोबत, सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 सेकंद ठेवा. उन्हात ते 1/1000 वर गेलं की वळण अडखळल्यासारखं दिसतं.

कॅमेरा प्लेटवरच फिरतोय असं वाटलं तर स्क्रू नाण्यानं आवळा. प्लेटला मागे छोटी पिन असेल तर ती काढून टाकू नका, कॅमेरा फिरू नये यासाठीच ती असते. नुसता मोबाईल लावणाऱ्यांना मोठं हेड लागत नाही, पण प्लॅस्टिकचा चिमटा टाळा. बहुतेक वेळा लचकतो तो चिमटा, आणि बोल मात्र स्टँडला लागतात.

जुना स्टँड घेत असाल, आणि लग्नाचं काम बंद केलेल्यांकडून बेळगाव-कोल्हापुरात चांगले जुने स्टँड मिळतातही, तर हेड सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा. एखाद्याच कोनात अडत असेल तर आतलं ग्रीस सुकलेलं किंवा गळलेलं आहे. पाय लॉक करून वरून छातीचा भार द्या. नळी घसरली आणि लॉक आवळायला स्क्रू नसेल, तर तो सोडून द्या.

खानापूरच्या पावसातून आल्यावर स्टँड तसाच बॅगेत घालू नका. पाय पूर्ण ओढा, तांबडी माती ओल्या फडक्यानं पुसा आणि रात्रभर उघडा ठेवा. पिळायच्या लॉकमध्ये रेती गेली तर लॉक खोलून धुवावा लागतो. खटक्याचे लॉक या बाबतीत सोपे, आमच्या भागाला मी तेच सुचवीन. कारवारच्या किनाऱ्यावर पाय खाऱ्या पाण्यात गेले असतील तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. लॉकवर तेल मात्र सोडू नका, त्याला धूळ चिकटते आणि पकड सुटते.

आणि एक जादा प्लेट कॅमेऱ्याच्या बॅगेत वेगळी ठेवा. कॅमेऱ्याच्या तळाचा आटा जवळपास सगळीकडे पाव इंची असतो, पण प्लेटची खाच प्रत्येक कंपनीची निराळी असते. सकाळी साडेसहाच्या ग्रंथदिंडीला तुमच्या हेडची प्लेट गावात कुठे मिळणार नाही.