बेघर माणसांची तपासणी: सुरुवात पायांपासून

रस्त्यावरच्या बेघरांना तपासायला निघालेलं नवं पथक माझ्याकडे औषधांची यादी दाखवायला येतं आणि मी आधी वार विचारते. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या रस्त्याने जाणार? रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला "पुन्हा येतो" म्हणून गेलेले खूप जण भेटलेले असतात. त्यामुळे जागा कमी घ्या, पण ठरलेला वार चुकवू नका. पाऊस असो, सुट्टी असो. औषधं संपली असतील तरी तोंड दाखवून या.

पथकात दोन-तीन माणसं पुरतात. त्यातलं एक जण स्वतः रस्त्यावर राहिलेलं असावं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला डॉ. जिम विदर्स बेघरांसारखे कपडे घालून रात्री फिरू लागले, ती गोष्ट लोक त्या कपड्यांसाठी सांगतात. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या सोबतचा माणूस. तो पूर्वी बेघर होता, कोण कुठे झोपतं हे त्याला ठाऊक होतं. असा माणूस मिळाला तर त्याला रीतसर मानधन द्या, सेवेच्या नावाखाली फुकट राबवू नका.

झोपलेल्याला हात लावून उठवायचं नाही. पायांच्या बाजूला, जरा लांब उभं राहून आवाज द्या. टॉर्च तोंडावर मारू नका. "बसू का?" विचारल्याशिवाय अंथरुणावर पाय पडू देऊ नका, ते त्याचं घर आहे. "नको" म्हणाला तर पुढच्या वारी येते सांगून निघा. हाकेला ओ आलीच नाही तर मात्र श्वास बघितल्याशिवाय हलायचं नाही. श्वास मंद आणि डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक असतील तर नॅलोक्सोन (अफू-हेरॉइनसारख्या नशेवरचा उतारा) द्या आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

आता पाय. बोस्टनमध्ये १९८५ साली जिम ओ'कॉनेल हा तरुण डॉक्टर बेघरांच्या दवाखान्यात रुजू झाला, तेव्हा बार्बरा मॅकिनिस या नर्सने त्याला स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून रुग्णांचे पाय धुवायला बसवलं. आम्हा नर्सेसना ही गोष्ट सांगायला जरा जास्तच आवडते, कबूल. पण तिच्यात तथ्य आहे. पाय धुताना तुम्ही खाली असता, तो वर असतो, आणि माणूस बोलायला लागतो. शिवाय पायांवर बरंच काही दिसतं. दोन्ही घोट्यांवर सूज असेल तर हृदय, किडनी, लिव्हरचा विचार करा. जखम आहे आणि दुखत नाही म्हणतो, तर शुगर बघा.

पाणी कोमट हवं आणि ते तुमच्या कोपराने तपासा, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. उघडी जखम असलेला मधुमेही पाय पाण्यात बुडवून ठेवू नका, नुसता धुवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. दिवसेंदिवस ओले राहिलेले पाय पांढरे, सुरकुतलेले, बधिर होतात, त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय याच कारणाने गेले. असे पाय चोळू नका. कोरडे करा, उंचावर ठेवा, हळूहळू ऊब येऊ द्या. कोरड्या मोज्यांचे जोड पिशवीत असतील तेवढे थोडेच.

मध्यंतरी एका आजोबांचा मोजा घोट्यावरच्या जखमेला चिकटून वाळला होता. अशा वेळी ओढायचं नाही. सलाइन (मिठाचं निर्जंतुक पाणी) ओतत राहायचं, कापड मऊ होऊन आपोआप सुटेपर्यंत. त्याला वेळ लागला आणि तेवढ्यात आजोबांनी सांगितलं की लघवी वाढवणारी गोळी ते घेतच नाहीत, कारण संध्याकाळनंतर शौचालयाला कुलूप लागतं. त्यांच्या कागदावर शेरा होता, "औषधं नियमित घेत नाही." डॉक्टरांनी गोळी सकाळवर नेली आणि ते ती घेऊ लागले.

म्हणून औषध लिहिण्याआधी विचारा: हे ठेवणार कुठे? शौचालय किती लांब आहे? आज काय खाल्लं? मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडू शकतं, तेव्हा कमी डोसपासून चढत जा. ग्लिबेनक्लॅमाइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळीवर जेवण हुकलं तर शुगर धोकादायक खाली जाते. बीपीला अम्लोडिपिन बरं. एखादी गोळी चुकली तरी लगेच गडबड होत नाही. क्लोनिडिन हे बीपीचंच दुसरं औषध अचानक थांबलं तर बीपी उसळतं, आणि इथे पाकीट कधी चोरीला जाईल सांगता येत नाही. उघडलेली बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे ४ आठवडे फ्रिजशिवाय चालतात, पण भर उन्हात नाही. टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात.

खरजेचं पर्मेथ्रिन मलम अंगभर लावून ८ ते १४ तास ठेवायचं, मग आंघोळ. कुठे करणार? आयव्हरमेक्टिनची गोळी वजनाप्रमाणे आणि ७ ते १४ दिवसांनी दुसरा डोस, हे जमतं. गर्भवतींना आणि १५ किलोखालच्या मुलांना ती देत नाहीत. कपडे गरम पाण्यात धुवायची सोय नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान ३ दिवस ठेवायला सांगा.

रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" असं कधीही सुनावू नका. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. सोडायची इच्छा असेल तर ते देखरेखीखाली करू, असं सांगा.

काळं पडलेलं बोट, भराभर पसरणारी लाली, तापात बरळणं, छातीत दुखणं, अंगाचं तापमान ३५ अंशांखाली: ही माणसं त्याच दिवशी हॉस्पिटलात गेली पाहिजेत. चिठ्ठी हातात देऊन मोकळं होऊ नका, कुणीतरी सोबत जा. आणि आधी सामानाची सोय करा. ॲडमिट व्हायला नकार देणारा पुष्कळदा बोचक्यामुळे किंवा कुत्र्यामुळे नकार देत असतो. त्याला अडाणी ठरवण्याआधी बोचकं कोण सांभाळेल ते विचारा.

वहीत नाव तो सांगेल ते लिहा, पण जन्माचं साल विचारा. एकाच नावाचे दोघे निघतात. दिवसा कुठे असतो, पावसात कुठे सरकतो, निरोप कुणाकडे ठेवलेला चालेल, हेही लिहून घ्या. निरोपात आजाराचं नाव घ्यायचं नाही, टीबी किंवा एचआयव्हीचं तर मुळीच नाही.