रोजची मिस्सा-वाचने वाचताना या चुका टाळा

ठाणे-वाशी लोकलमध्ये जागा मिळाली की मोबाइलवर दिवसाची वाचने (कॅथलिक चर्चच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, त्या दिवशी वाचले जाणारे बायबलचे उतारे) उघडायची, ऐरोली यायच्या आत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनकथेतला उतारा, संपवायचं आणि आज देव आपल्याला काय सांगतोय हे रबाळ्यापर्यंत ठरवूनही टाकायचं. सवय चांगलीच आहे, पण घाई नडते. मुलाखतीच्या दिवशी ‘भिऊ नका’ आलं तर नोकरी पक्की, आणि ‘तुम्हा ढोंग्यांना हाय हाय’ आलं तर दिवस वाईट! हे राशिभविष्य झालं. ती वाचने आपल्या मुलाखतीकडे बघून निवडलेली नसतात. ती कशी निवडतात हे माहीत नसलं की पुढच्या बहुतेक चुका होतात.

सोमवार ते शनिवार ओढूनताणून जोड लावणे

सामान्य काळातल्या (नाताळ आणि ईस्टरच्या हंगामांबाहेरच्या) रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असं निवडलेलं असतं, त्यामुळे तिथे दुवा शोधणं रास्त आहे. (दुसरं वाचन मात्र बहुधा आपल्या वाटेने चाललेलं असतं.) आठवड्याच्या इतर दिवशी गणित वेगळं. शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं: आधी मार्कने लिहिलेलं, मग मत्तयाचं, मग लूकचं. पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरतं, विषम वर्षी एक, सम वर्षी दुसरं.

सामान्य काळातल्या चौथ्या आठवड्याचा मंगळवार घ्या. शुभवर्तमानात येशूने मरणातून उठवलेली याईरची मुलगी आणि बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली स्त्री. सम वर्षी त्याआधी आपला मुलगा अबशालोम याच्या मृत्यूवर दावीद राजा रडतो. एका बापाला लेक परत मिळते, दुसऱ्याचा लेक जातो. अंगावर काटा येतो. पण विषम वर्षी त्याच शुभवर्तमानाआधी इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायाची पहिली चार वचनं असतात, त्यांत असा बापही नाही आणि लेकही नाही. म्हणजे ती जोड कुणी मुद्दाम घातलेली नव्हती. मनाला भिडली तर जरूर तिच्यासोबत थांबा, पण ‘चर्च आज हेच शिकवतंय’ असं ग्रुपवर लिहू नका. आणि रोज अशी जोड सापडलीच पाहिजे या हट्टाने तर वाचणं कसरतीचं होऊन बसतं.

दुवा हवाच असेल तर पहिल्या वाचनानंतरच्या स्तोत्राकडे बघा. ते पहिल्या वाचनाला प्रतिसाद म्हणूनच ठेवलेलं असतं. त्या सम वर्षीच्या मंगळवारी ८६वं स्तोत्र येतं: प्रभो, ऐक, मला उत्तर दे. रडणाऱ्या दावीदाच्या कथेनंतर ते वाचून पाहा. स्तोत्र गाळून थेट शुभवर्तमानावर उडी मारणारे नेमकं हेच गमावतात.

कालचं न वाचता आजचं वाचणे

पहिलं वाचन अनेकदा चालू कथेचा एक तुकडा असतो. अबशालोम कोण, बापाविरुद्ध का उठला, हे ठाऊक नसेल तर दावीदाचं रडणं कोरडंच वाटणार. मोबाइलवरचा उतारा कळला नाही की बायबलमध्ये दोन अध्याय मागे जा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. यातली पहिली वगळून चौथीवर चढायची आपल्याला फार हौस.

चर्चमध्ये वेगळंच वाचलं?

अ‍ॅप बहुधा परदेशी असतं. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण भारतात मोठा, म्हणून आपल्याकडे त्याची स्वतंत्र वाचने. परदेशी अ‍ॅप आगमनकाळातला (नाताळाआधीच्या आठवड्यांतला) साधा दिवस दाखवू शकतं. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला रविवारची वाचने असतात, हेही लक्षात ठेवा. शंका आली तर धर्मग्रामाच्या (आपल्या स्थानिक चर्चच्या) कॅलेंडरवर विश्वास ठेवावा.

पुस्तकच सापडत नसेल तर घरातलं बायबल कुठलं आहे ते तपासा. प्रॉटेस्टंट आवृत्तीत तोबीत, सिराख, मक्काबी वगैरे ग्रंथ नसतात. विषम वर्षी नोव्हेंबरात मक्काबी वाचनात येतात, तेव्हा शोधाशोध नको.

कंटाळवाणा दिवस सोडून देणे

१७ डिसेंबरला, रविवार नसेल तर, येशूची वंशावळ असते: अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. बहुतेक जण खाली सरकवतात. मला विचाराल तर आगमनकाळातलं हे सर्वांत भरलेलं वाचन आहे. त्या पुरुषांच्या रांगेत मरियेआधी चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. चौथीचं नाव मत्तयाने घेतलेलंच नाही, नवऱ्याचं घेतलंय. का, हे बघायला दुसऱ्या शमुवेलाचा अकरावा अध्याय काढा. तो नवरा दावीदाने मारवला होता, आणि शुभवर्तमानाने ते येशूच्या घराण्याच्या यादीतून लपवलेलं नाही.