थर्मल फ्लो स्विचचं सेटिंग: आधी सेन्सर तापू द्या

पाइपात प्रवाह आहे की नाही हे सांगणाऱ्या थर्मल फ्लो स्विचमध्ये फिरणारा भाग नसतो. सेन्सरचं टोक किंचित तापवलेलं असतं. वाहतं पाणी ती उष्णता किती ओढून नेतं, यावरून प्रवाह ओळखला जातो. म्हणूनच सप्लाय दिल्या दिल्या सेटिंगचा स्क्रू फिरवू नका. टोक तापून स्थिर होईपर्यंत थांबा, मग पंप चालवून नेहमीच्या प्रवाहावर सेटिंग करा. त्यानंतर व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जा आणि स्विचचं आउटपुट (चालू-बंद सिग्नल) नेमकं कुठे बदलतं ते डोळ्यांनी पाहा. ही चाचणी टाळून लाइन चालू करणं मला अजिबात पटत नाही.

सेटिंग ज्या द्रवावर केलं, त्यावरच ते खरं. पाण्याच्या जागी ग्लायकॉल किंवा तेल आलं की पुन्हा करा. पाण्याचं तापमान एकदम बदललं तरी स्विच थोडा वेळ फसतो. प्रतिसादालाही काही सेकंद लागतात, त्यामुळे पंप सुरू होताना इंटरलॉकला (प्रवाह नसेल तर पंप बंद करणाऱ्या सर्किटला) टाइमर हवाच, नाहीतर पंप उगाच ट्रिप होईल.

आडव्या पाइपात टोक पूर्ण बुडेल असं, शक्यतो बाजूने बसवा. वरून बसवल्यास हवेचा बुडबुडा अडकतो. आणि टोकावर क्षार साचले की प्रवाह असूनही तो कमी दिसतो, तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी टोक मऊ फडक्याने पुसून बघा.