पानावरची गाठ ओळखताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून मला पानांचे फोटो यायला लागतात. कुठे पानावर फोड, कुठे बारीक शिंगं, कुठे लाल मण्यांची रांग. या सगळ्या गाठी, म्हणजे कीटक किंवा इतर बारीक जिवांमुळे झाडावर आलेली विचित्र वाढ. सोबत मोबाइलच्या ॲपने सुचवलेलं नावही असतं: ओकच्या पानावर गाठ करणारी गांधीलमाशी. गाठ खरी असते, फोटो उत्तम असतो, पण नाव चुकलेलं असतं. युरोप-अमेरिकेत ओकवरच्या गाठींचे फोटो अमाप आहेत, त्यामुळे ॲप कुठल्याही गोल गाठीला तिकडचंच नाव देतं.

झाड न ओळखताच गाठीला नाव देणं

सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. गाठ करणारे कीटक झाडाच्या बाबतीत फार हट्टी असतात. बहुतेकांचं एकच झाड किंवा त्याचे जवळचे भाऊबंद ठरलेले असतात. म्हणून झाड कळलं की निम्मं काम झालं. हिमालयात आणि ईशान्य भारतात ओक आहे. आपल्या सह्याद्रीत तो मूळचा नाही. शाळेच्या कुंपणाला लावतात तो सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आलेला आहे. नावात ओक असला तरी खऱ्या ओकशी त्याचं नातं नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण येते. गावातला माणूस झाडाचं नाव कानडीत सांगतो आणि आपण ते वेगळंच झाड समजून वहीत लिहितो. होंगे म्हणजे करंज, मत्ती म्हणजे ऐन, अत्ती म्हणजे उंबर. दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून ठेवा. फोटो नुसत्या गाठीचा काढू नका. पानाची पुढची-मागची बाजू, पूर्ण डहाळी आणि जमलं तर फूल-फळही घ्या.

ओकची खरी गाठ बघायची असेल तर बाळगुटीचा डबा उघडा. मायफळ हे फळ नव्हेच. तुर्कस्तान, इराणकडच्या एका ओकच्या डहाळीवर इवल्या गांधीलमाशीने करवून घेतलेली ती गाठ आहे. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. हिराकस या लोहक्षाराबरोबर त्याची काळी शाई होते, आणि जुन्या काळी लिहायला ती वापरत. काही मायफळांना बारीक गोल भोक दिसतं. माशी तिथून बाहेर पडलेली असते. व्यापारात बिनभोकाचं, जड मायफळ चांगलं मानतात. मात्र रानातली दुसरी कुठलीही गाठ मायफळासारखी दिसते म्हणून उगाळून बाळाला देऊ नका.

उत्तराखंडात फिरायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ओकवरच्या अनेक गांधीलमाश्यांच्या पिढ्या आलटून पालटून येतात. एका पिढीत नर-मादी दोन्ही, तर दुसरीत फक्त माद्या, आणि दोन्ही पिढ्यांच्या गाठी दिसायला अगदी निराळ्या. दोन प्रकारच्या गाठी दिसल्या म्हणजे दोन जाती असतीलच असं नाही.

प्रत्येक गाठ गांधीलमाशीची समजणं

करंजाच्या पानावरची बोटांसारखी वर आलेली गाठ कोळ्याच्या वर्गातल्या अतिसूक्ष्म जिवाची असते. आंब्याच्या पानावरचे मसुरीएवढे किंवा त्याहून लहान फोड मिजमाशीचे, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या इवल्या माशीचे. सातवीणीची पानं गोल गाठींनी भरून जातात, त्या झाडाचा रस शोषणाऱ्या सिला या कीटकाच्या.

आपल्याकडे गांधीलमाशीची गाठ बघायची तर निलगिरी आणि पांगारा बघा. निलगिरीची मधली शीर, देठ आणि कोवळी डहाळी सुजून गाठाळते. ही करामत लेप्टोसायबी इन्वेजा या जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या माशीची. ती मूळची ऑस्ट्रेलियाची, आणि शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं ते 2004 साली. पांगाऱ्याची पानं जाड, वेडीवाकडी होतात तीही अशाच एका माशीमुळे. या माश्या माणसाला चावत नाहीत, मुलांना हे आवर्जून सांगा.

गाठ न कापताच निकाल देणं

ताज्या दोन-तीन गाठी ब्लेडने मधोमध कापा आणि दहापट भिंगाखाली धरा. गांधीलमाशीची अळी पांढरी, गुबगुबीत, बिनपायांची आणि बंद खोलीत वाकून बसलेली असते. मिजमाशीची अळीही बिनपायांची, पण बऱ्याचदा पिवळी-केशरी. आत सहा पायांचं चपटं पिल्लू चालताना दिसलं तर ते सिलाचं. पोकळीत केस आहेत, पानाच्या उलट्या बाजूला तोंड उघडं आहे आणि डोळ्याला काहीच दिसत नाही, तर कोळीवर्गातल्या जिवाचा संशय घ्या. खोलीही नाही, अळीही नाही, नुसती तपकिरी भुकटी, तर बहुधा बुरशी.

रिकामी गाठही उपयोगाची असते. मिजमाशी गेल्यावर तिच्या कोषाची पातळ साल बऱ्याचदा भोकात अडकलेली दिसते. गांधीलमाशी मात्र कुरतडून स्वच्छ गोल भोक पाडते. उंबर फोडून केंबरे, म्हणजे आतले बारीक उडते किडे, पाहिली असतील, तर उंबराच्या आतल्या काही फुलांच्याही अशाच गाठी झालेल्या असतात आणि ती केंबरे त्यांतूनच निघतात.

बाहेर आलेल्या माशीलाच मालक मानणं

ही चूक मी स्वतः केली आहे. आंब्याच्या गाठींतून चमकदार हिरव्या माश्या निघाल्या आणि गाठी त्यांनीच केल्या असं मी खात्रीने सांगून टाकलं. त्या परोपजीवी होत्या. मूळ अळीला खाऊन वाढलेल्या. काही गाठींत तर भाडेकरूही राहतात, म्हणजे दुसऱ्याच्या गाठीत आयतं घर मिळवणारे. म्हणून आतली अळी आणि बाहेर आलेली माशी, दोन्हींची नोंद ठेवा.

माश्या बाहेर येईपर्यंत गाठी बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. पान घामेजतं, बुरशी धरते आणि सगळं वाया जातं. काचेची बाटली घ्या, तळाशी कागद घाला, तोंडाला मलमल बांधा आणि उन्हापासून दूर ठेवा. एका बाटलीत एकाच झाडाच्या एकाच प्रकारच्या गाठी. चिठ्ठीवर झाड, गाव आणि तारीख पेन्सिलने लिहा. शाई ओलाव्याने पसरते.

दिसली गाठ की फवारणी

अळी गाठीच्या आत सुरक्षित असते, वरचं औषध तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. मरतात त्या बाहेर फिरणाऱ्या परोपजीवी माश्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या. मोठ्या झाडाला पानावरच्या गाठींनी सहसा काही होत नाही. निलगिरीच्या रोपवाटिकेत मात्र डोळेझाक करू नका. तिथे कोवळ्या रोपांची वाढ खुंटते, म्हणून गाठाळलेली रोपं लगेच बाजूला काढा आणि दुसऱ्या गावी पाठवू नका.