पीएचडीसाठी गाइड निवडताना या चुका टाळा

‘पेट’चा, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठ परिसरात एकच विचारणा सुरू होते: “कुणाकडं जागा आहे?” रिकाम्या जागांची यादी व्हॉट्सॲपवर फिरते, यादीतल्या सरांना-मॅडमना फोन जातात आणि जो आधी हो म्हणेल त्याचं संमतिपत्र घेतलं जातं. संगणकशास्त्रात ही घाई फार महागात पडते. इथं विषय झपाट्यानं पुढं सरकतो, काम कोडचं आणि प्रयोगांचं असतं. ज्यांनी स्वतः बऱ्याच वर्षांत प्रयोग केलेला नाही, अशा गाइडकडं गेलेला विद्यार्थी अडला की त्याला विचारायला कुणी उरत नाही. मराठवाड्यातली हुशार मुलं याच एका निवडीमुळं मागं पडताना पाहून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फक्त रिकामी जागा पाहणं

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणं एका वेळी प्राध्यापकाकडं ८, सहयोगी प्राध्यापकाकडं ६ आणि सहायक प्राध्यापकाकडं ४ संशोधक असू शकतात. यादीत जागा दिसली की ती का रिकामी आहे, हे आधी विचारा. विद्यार्थी वेळेत पीएचडी होऊन बाहेर पडले, म्हणून झालेली जागा वेगळी आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेले, म्हणून झालेली वेगळी. नुकतीच मान्यता मिळालेल्या सहायक प्राध्यापकाकडं चारही जागा मोकळ्या असतील तर मुलं बिचकतात. मला उलट वाटतं. त्यांची स्वतःची पीएचडी ताजी असते, पेपर वाचायची सवय सुटलेली नसते आणि पहिला विद्यार्थी नीट पार पडावा ही त्यांचीही गरज असते. मोठ्या पदाच्या, सतत समित्यांवर असलेल्या गाइडपेक्षा असे सर किंवा मॅडम बऱ्याचदा जास्त वेळ देतात.

निवृत्तीचं वर्षही विचारा. सेवेची तीन वर्षांपेक्षा कमी मुदत उरलेल्या प्राध्यापकांना नवा संशोधक घेता येत नाही. साडेतीन वर्षं उरली असतील तर घेता येतो, पण तुम्ही नोकरी सांभाळून पाच-सहा वर्षं घेणार असाल तर शेवटच्या टप्प्यात ते सहमार्गदर्शक म्हणून राहतील आणि मुख्य गाइड दुसरे कुणी असतील. ते कोण, हे आजच बोलून घ्या.

“मला एआयमध्ये करायचंय” एवढंच सांगणं

एवढ्यावरून कोणताही गाइड जुळतो आणि कोणताही जुळत नाही. समजा, लातूर-नांदेडकडं “काय करू लालास?” असं बोलणाऱ्या माणसाचं बोलणं यंत्राला नीट लिहिता यावं, हा तुमचा विषय आहे. मग ध्वनी आणि भाषेवर काम केलेले गाइड हवेत. नेटवर्क सुरक्षेवर काम करणारे सर कितीही चांगले असले, तरी तुमचा प्रयोग का फसला हे त्यांना सांगता येणार नाही.

गाइडचं काम तपासायला दोन संध्याकाळी पुरतात. गूगल स्कॉलर आणि डीबीएलपी या पेपर शोधायच्या संकेतस्थळांवर त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर पाहा. पहिलं नाव, म्हणजे मुख्य काम करणाऱ्याचं, विद्यार्थ्याचं आहे का? पेपर कुठं आलेत? बाकीच्या शाखांमध्ये जर्नलला जे वजन असतं, ते संगणकशास्त्रात बऱ्याच उपशाखांमध्ये परिषदांना असतं. भाषेच्या कामासाठी एसीएल आणि चित्रांच्या कामासाठी सीव्हीपीआर या पहिल्या फळीच्या परिषदा. तिथंच पेपर असावेत असा हट्ट नको, पण सगळे पेपर पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमध्ये असतील तर तुमच्याकडूनही तेच करून घेतलं जाईल. यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी २०२५मध्ये बंद केली, त्यामुळं जर्नलची पारख आता तुम्हालाच करावी लागणार आहे.

मग शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं संकेतस्थळ उघडा. तिथं गाइडच्या नावानं जुने प्रबंध सापडतात आणि बऱ्याच नोंदींत नोंदणीची व पूर्ण झाल्याची तारीखही असते. एकाच गाइडचे तीन प्रबंध शेजारी ठेवा. प्रकरणांची रचना तीच, पद्धत तीच आणि फक्त डेटा बदललेला दिसला, तर चौथा प्रबंध तुमचा असेल. हे काम कंटाळवाणं आहे, तरी कराच.

विद्यार्थ्यांशी न बोलता होकार देणं

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. पहिल्या भेटीत प्रत्येक गाइड आपुलकीनंच बोलतात. त्यांच्यासोबत रोज काम करणं कसं आहे, ते त्यांचे विद्यार्थीच सांगू शकतात. एक पूर्णवेळ करणारा, एक नोकरी सांभाळून करणारा आणि शक्य झालं तर मध्येच सोडून गेलेला एक, अशा तिघांना गाठा. “सर कसे आहेत?” असं विचारलं तर “चांगले आहेत” एवढंच उत्तर येईल. विचारायचं असं:

“दादा, तुम्ही चॅप्टर दिला की सर किती दिवसांत वाचतात?”
“वाचून काय लिहून देतात? एखादं पान बघायला मिळेल का?”
“मागच्या महिन्यात किती वेळा बसलात?”
“ताई, पेपरवर नावं कुणाकुणाची लागतात?”

यातला दुसरा प्रश्न मी सोडणार नाही. ज्या पानावर “हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही, चाचणीचा डेटा वेगळा ठेवला होता का?” असं लिहिलंय, ते गाइड काम वाचतात. नुसता बरोबरचा शेरा आणि सही असेल, तर तुमच्या चुका थेट व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत उघड्या पडतील. वेळेचा कडकपणा, तापट बोलणं, सुटीच्या दिवशी येणारे फोन हे सगळं वाचणाऱ्या गाइडसोबत निभावता येतं. न वाचणाऱ्या गाइडचा गोड स्वभाव प्रबंधाच्या उपयोगी पडत नाही.

स्वतःची अडचण लपवणं

आपल्याकडं पीएचडी करणारे बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात. किनवटला तास घेऊन रोज नांदेडच्या प्रयोगशाळेत बसणं शक्य नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. सर नाही म्हणतील या भीतीनं मुलं गप्प बसतात आणि सहा महिन्यांनी तेच भांडणाचं कारण होतं. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीवर घरखर्च अवलंबून असेल तर तेही सांगा, कारण हजेरी आणि प्रगती अहवालावर गाइडची सही वेळेवर लागते. मुलींनी लग्न-बाळंतपणाचा विषय काढायला संकोचू नये: प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते आणि लग्नामुळं गाव बदललं तर संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेण्याची तरतूदही नियमांत आहे. यावर गाइडचा चेहरा पडला, तर तेही एक उत्तरच आहे.

मशीन आणि डेटा गृहीत धरणं

मोठं मॉडेल शिकवायला जीपीयू, म्हणजे एकाच वेळी खूप आकडेमोड करणारी चिप लागते. विभागात ती आहे का, किती जणांत वाटली जाते, हे विचारा. कोलॅब या गूगलच्या ऑनलाइन सेवेच्या मोफत सुविधेवर सत्र मध्येच तुटतं. त्यावर सरावाची कामं होतात, पीएचडी ओढू नका. डेटा कोण गोळा करणार हेही ठरवा. कापसाच्या पानांवरचे रोग ओळखणारं मॉडेल करायचं तर हजारो फोटोंवर रोगाचं नाव खात्रीनं लिहिणारा माणूस लागतो. अशा वेळी परभणीच्या कृषी विद्यापीठातले वनस्पती रोगतज्ज्ञ सहमार्गदर्शक म्हणून घेता येतात का, ते पाहा. दुसऱ्या संस्थेतले सहमार्गदर्शक नियमांना चालतात.

सगळ्यांना एकच मेल पाठवणं

आयआयटीत किंवा पुण्या-मुंबईकडं प्रयत्न करताना ही चूक हमखास होते. नाव बदलून पन्नास जणांना गेलेला मेल कुणी वाचत नाही. एका प्राध्यापकांचा एक पेपर निवडा, त्याचा कोड उपलब्ध असेल तर चालवून पाहा आणि कुठं अडलात ते पाच-सात ओळींत लिहा. गुणपत्रिकेपेक्षा त्या ओळी जास्त बोलतात.

गाइड आधीच चुकला असेल तर

भेटच मिळत नसेल, तर प्रत्येक बोलण्यानंतर काय ठरलं ते त्याच दिवशी सरांना मेलवर पाठवा. तक्रारीचा सूर नको. “आज ठरल्याप्रमाणे” असं साधं लिहा. दर सत्रात तुमची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीपुढं सादरीकरण असतं, तिथं अडचण मांडा आणि ती इतिवृत्तात येईल असं पाहा. विषयच गाइडच्या आवाक्याबाहेरचा असेल, तर गाइड बदलण्याआधी सहमार्गदर्शक मागा. त्यात कुणाचा मान दुखावत नाही आणि काम लवकर हलतं. पैसे किंवा घरकामं मागितली जात असतील, तर विभागप्रमुख आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं लेखी जा. लैंगिक छळ असेल तर थेट अंतर्गत तक्रार समितीकडं जा. आधी गाइडशी बोलून मिटवायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

गाइड बदलायचाच ठरला तर पहिल्या वर्षातच बदला, कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम सुरू असताना नुकसान सगळ्यात कमी होतं. अर्ज देण्याआधी नव्या गाइडची लेखी संमती हातात ठेवा. जुन्या गाइडसोबत लिहिलेला कोड, गोळा केलेला डेटा आणि अर्धवट पेपर यांचं काय करायचं, नावं कोणत्या क्रमानं लागतील, हे तीन मुद्दे दोघांच्या मेलवर नोंदवून घ्या आणि मगच अर्ज विभागात द्या.